गुडघ्यांची आहुती कुणी मागितली?

शनिशिंगणापूरच्या परिसरात, सोनई-घोडेगावापासून नेवाशापर्यंत, सप्ताहाच्या मांडवात, पारायणाच्या बैठकीत आणि अलीकडे गावोगाव भरणाऱ्या ध्यानवर्गांत एक वाक्य हमखास कानावर येते: आसन मोडले की साधना मोडली. त्याच्यामागून बाकीचे नियम येतात. बसायचे ते जमिनीवरच, फार तर सतरंजीवर. एकदा घातलेली मांडी तास-दीड तास हलवायची नाही. गुडघा दुखला तर दुखू द्यायचा, कारण तेवढे प्रारब्ध जळते. खुर्ची मागणारा साधक कच्चा. शनिदेवाच्या भूमीत या म्हणण्याला आणखी एक आधार जोडला जातो. हा देव स्वतः उन्हापावसात उघड्या चौथऱ्यावर उभा आहे, त्याने डोक्यावर छप्पर घेतलेले नाही; मग भक्ताने सुखाची बैठक कोणत्या तोंडाने मागावी?

हे म्हणणारे बहुतेक लोक प्रामाणिक आहेत, स्वतःही तसेच बसतात, आणि म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. माझे उत्तर असे: ध्यानाची बैठक सुखाची असणे ही सवलत नाही, ती ध्यानाची पहिली अट आहे. दुखणाऱ्या गुडघ्याला साधना म्हणणे शास्त्राला धरून नाही, शरीराला तर नाहीच, आणि या भागातल्या कष्टकरी माणसांवर तो अन्याय आहे.

शास्त्रापासूनच सुरुवात करू, कारण त्याचाच दाखला सर्वांत आधी दिला जातो. त्यासाठी लांब जायचे कारण नाही. शिंगणापूर ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात, प्रवरेच्या काठी, नेवाशाला पैसाचा खांब आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, त्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, असे परंपरा सांगते. टेकून, हे आधी लक्षात घ्या. ज्या खांबाला आपण डोके टेकवतो तो आपल्या श्रद्धेप्रमाणे ज्ञानेश्वरांच्या पाठीचा आधार होता. त्या खांबाचे दर्शन घेऊन आलेल्या माणसाने म्हाताऱ्या श्रोत्याच्या पाठीमागची उशी काढून घ्यावी, हे मला समजत नाही.

आता सहावा अध्याय उघडा. ध्यानाला बसण्याची जागा कशी असावी हे सांगताना ज्ञानेश्वर किती रमतात ते पाहा. जागा अशी हवी की एखादा विलासी राजाही तिथे आला तर राज्य सोडून बसावेसे त्याला वाटेल. मुळापासून गोड अशी झाडे, पावलोपावली स्वच्छ पाणी, कोवळे ऊन, मंद गार वारा. गजबज नको, पण एखादी कोकिळा, मधूनच येणारा मोर, पाण्यावरचे हंस चालतील. एवढे सगळे झाल्यावर ते बैठकीकडे येतात. तळाशी न मोडलेले, कोवळे आणि एकसारखे लावलेले कुश. त्यावर धुतलेल्या वस्त्राची घडी, आणि मृगाजिन. हे सगळे थर सपाट बसले पाहिजेत. बैठक फार उंच झाली तर अंग डोलेल, फार खाली गेली तर जमिनीचा दोष लागेल. म्हणून ती मध्यम ठेवायची. एका आसनाच्या उंचीची इतकी काळजी करणारा हा ग्रंथ आहे. त्यात कुठेही नुसत्या फरशीवर बसा आणि सोसा असे सांगितलेले नाही. गवताचा थर, कापडाची घडी आणि कातडे ही त्या काळी मिळणारी उत्तम गादी होती.

यावर जाणकार वाचक मला थांबवील. त्याच अध्यायात पुढे टाच शिवणीपाशी दाबून बसण्याचे कठीण आसन सांगितले आहे, बंध सांगितले आहेत, त्याचे काय? प्रश्न योग्य आहे. ते वर्णन कुंडलिनीच्या पंथराजाचे आहे, नाथसंप्रदायात गुरूच्या देखरेखीखाली चालणाऱ्या वाटेचे. पण तिथेही हात आपोआप डाव्या पायावर येतात, नजर आपोआप अर्धी मिटते, असेच वर्णन आहे. ओढून-ताणून काही घडत नाही. आणि मुख्य म्हणजे, हीच वाट बाराव्या अध्यायात पुन्हा येते तेव्हा ज्ञानेश्वर स्पष्ट सांगतात की त्या खडतर योगाने भक्ताहून काही जास्त मिळत नाही, जास्त मिळतात ते कष्ट. सहावा अध्याय वाचून गुडघे मोडून घेणाऱ्याने बारावाही वाचावा. मग सतरावा वाचावा, जिथे गीता स्वतःच्या देहाला छळून केलेल्या तपाला तामस ठरवते आणि असा माणूस देहात राहणाऱ्या ईश्वरालाच कष्टवतो असे म्हणते. त्यापुढे काही बोलायला जागा उरत नाही.

नाथांचे नाव निघालेच आहे. नगर जिल्हा हा नाथांचा मुलूख. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी, नगरच्या उत्तरेला गोरक्षनाथ गड. गोरक्षांकडून गहिनीनाथ, त्यांच्याकडून निवृत्तिनाथ आणि निवृत्तिनाथांकडून ज्ञानेश्वर, ही गुरुपरंपरा इथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. याच परंपरेतला पंधराव्या शतकाच्या सुमाराचा ग्रंथ म्हणजे स्वात्मारामाची हठप्रदीपिका. लोणावळ्याच्या कैवल्यधामने तिची संपादित आवृत्ती काढली आहे. हठ या शब्दामुळे लोक तिला अट्टहासाचे पुस्तक समजतात. प्रत्यक्षात पहिल्याच उपदेशात साधकाने काय टाळावे याची यादी आहे, ती गोरक्षांच्या नावाने दिली आहे, आणि त्या यादीत पहाटेचे स्नान आहे, उपवास आहे, शरीराला क्लेश देणारे सगळे विधी आहेत. ओलेत्याने काकडत बसलेल्या साधकाला गोरक्षनाथांनी उठवून कोरडे कपडे घालायला लावले असते, हे मी पूर्ण विश्वासाने म्हणतो.

पतंजलींचे तर किती सांगावे. ज्यांच्या नावाने आज जगभर आसने चालतात त्यांनी आसनावर मोजून तीन सूत्रे लिहिली. पहिल्यात दोन अटी आहेत, स्थिरता आणि सुख. दुसऱ्यात सांगितले आहे की प्रयत्न सैल सोडल्याने ते साधते. दात-ओठ खाऊन बसणारा दोन्ही सूत्रांच्या बाहेर जातो. या विचाराला विसाव्या शतकात सर्वांत ठोस रूप दिले ते पुण्याने. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले ते लहानपणापासून हिवताप, विषमज्वर, क्षय अशा दुखण्यांनी खंगलेले शरीर घेऊन. १९७५ साली उभ्या राहिलेल्या त्यांच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत गेलात तर लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, घड्या घातलेली कांबळी आणि पाठ काढून टाकलेल्या लोखंडी घडीच्या खुर्च्या दिसतील. ज्या माणसावर आयुष्यभर कुणी ढिलाईचा आरोप करू धजले नाही, त्याने खुर्चीला साधन मानले. शरीर आसनापर्यंत पोचत नसेल तर आसन शरीरापर्यंत आणायचे, हा त्यांच्या सगळ्या खटाटोपाचा अर्थ.

आता शरीराकडे वळतो. इथे नुसत्या मताचा प्रश्न उरत नाही.

मांडी घालताना पाय बाहेरच्या बाजूला वळतो तो खुब्यातून. खुबा हा गोल सांधा, तो वळण्यासाठीच आहे. गुडघा प्रामुख्याने उघडमिटीचा सांधा, त्याला पीळ फारसा सोसत नाही. ज्याचा खुबा आखडलेला आहे तो हट्टाने पद्मासन घालतो तेव्हा खुब्याने न दिलेले वळण गुडघ्याकडून वसूल होते, आणि आतली कूर्चेची गादी चिरडते किंवा फाटते. लहानपणापासून जमिनीवर जेवलेल्या, उकिडवे बसलेल्या पिढीचे खुबे मोकळे असत. बाकावर शिकलेल्या आणि टेबलाशी नोकरी केलेल्या माणसाचे तसे नसतात. पूर्वज बसत होते म्हणून तुम्ही बसा, हा युक्तिवाद इथेच संपतो. पूर्वज दिवसभर तसेच बसत होते, फक्त ध्यानाच्या वेळी नव्हे.

पाठीचेही तसेच. खुबे आखडलेले असताना सपाट जमिनीवर बसले की कटी मागे कलंडते, कमरेचा नैसर्गिक बाक जातो, पाठ कमानीसारखी होते आणि पाच किलोच्या आसपासचे डोके पुढे लोंबते. ते सावरायला मानेचे स्नायू तासभर झुंजतात. स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात माणसांच्या कण्याच्या चकतीत सुई घालून प्रत्यक्ष दाब मोजला. पोक काढून, पुढे झुकून बसल्यावर तो उभे राहण्यापेक्षा जास्त भरतो. म्हणजे ‘खाली बसलो’ एवढ्याने काहीच साधत नाही. गीता शरीर, मान आणि डोके एका रेषेत ठेवायला सांगते, आणि ज्याला सपाट जमिनीवर ती रेषा साधत नाही त्याने ढुंगणाखाली घडी घेणे ही गीतेचीच आज्ञा पाळणे आहे.

सर्वांत गंभीर गोष्ट नसांची. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक नस जाते. तिथे तिच्यावर मांस जवळजवळ नाही. पाऊल वर उचलण्याचे काम तिच्या जिवावर चालते. फार वेळ ती दाबली गेली तर मुंग्या येतात, मग बधिरता, आणि दाब लांबलाच तर पाऊल उचलता येत नाही, चालताना चवडा घासतो. स्ट्रॉबेरी तोडताना तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्या मजुरांत हा विकार इतका आढळला की त्याला त्या कामाचेच नाव पडले. १९७१ साली अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अशाच एका तरुणाची हकिगत छापून आली. धडधाकट विद्यार्थी, जगात शांती नांदावी म्हणून रोज अनेक तास वज्रासनात बसून जप करायचा. पाय लुळे पडू लागले, चालणे-धावणे-जिना चढणे अवघड झाले. डॉक्टरांनी वज्रासन सोडायला लावले तेव्हा तो सुधारू लागला. त्याच्या श्रद्धेत काहीही खोट नव्हती. नसेला श्रद्धा कळत नाही, दाब कळतो.

इथे इगतपुरीचा दाखला येतो, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले, १९७६ साली इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. दहा दिवसांचे शिबिर, पहाटे चारला उठणे, दिवसाला दहा तासांच्या आसपास बैठक, आणि चौथ्या दिवसानंतर रोज तीन वेळा एकेक तासाचे अधिष्ठान: न हलता, हात-पाय-डोळे न उघडता बसण्याचा निश्चय. माझे प्रतिपक्षी म्हणतात, बघा, तिथे दुखणे हेच साधन आहे. मी शिबिरातून आलेल्या अनेकांशी बोललो आहे आणि त्या तासाने त्यांना काय दिले याचा मला आदर आहे. पण तिथे सांगितले जाते ते हे, की जी संवेदना उठेल ती समभावाने पाहा. दुखणे मुद्दाम निर्माण करा असे तिथे कुणी सांगत नाही. ध्यानकक्षात लहान-मोठ्या उशा दिलेल्या असतात, वृद्धांना आणि आजारी माणसांना खुर्ची मिळते, आणि खुर्चीवरच्या साधकाचे अधिष्ठान हलके मोजले जात नाही. शिवाय ज्या बुद्धाच्या नावाने हे चालते त्याने सहा वर्षे देह झिजवून पाहिला आणि ती वाट निष्फळ म्हणून सोडून दिली. वेदना आली तर तिच्याकडे शांतपणे पाहणे आणि वेदनेशिवाय साधना खोटी मानणे, यांत फार मोठे अंतर आहे. आपल्याकडच्या मांडवात नेमके तेच पुसले जाते.

जपानमध्ये तर हा वादच उरलेला नाही. झेन परंपरेतले दोगेन यांनी १२२७ साली, म्हणजे नेवाशाच्या त्रेसष्ट वर्षे आधी, ध्यानाला कसे बसावे यावर लिहिले तेव्हा जाड चटई अंथरा आणि तिच्यावर गोल उशी ठेवा, इथूनच सांगायला घेतले. उठताना घाई न करता सावकाश उठा हेही सांगितले. तिथले भिक्खू कडक शिस्तीचे म्हणून जगाला माहीत आहेत, आणि ते आठशे वर्षे उशीवर बसत आले आहेत.

उघड्यावरच्या देवाचा मुद्दा राहिला. शनी हा संथ ग्रह. सूर्याभोवतीच्या एका फेरीला त्याला साडेएकोणतीस वर्षे लागतात, एका राशीत तो अडीच वर्षे काढतो, आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते. या देवाकडून घ्यायचा गुण कोणता असेल तर तो वर्षानुवर्षे न थकता चालत राहण्याचा. त्याचा तेवीस हजारांचा जप सांगतात, तोही एका बैठकीत उरकण्यासारखा नाही. सात दिवसांच्या सप्ताहात गुडघा घालवून बसलेला माणूस आठव्या दिवशी ध्यानाला बसतच नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. बैठक जितकी सोपी तितकी साधना टिकाऊ. आणि रीत बदलल्याने देव कोपतो असे ज्यांना वाटते त्यांनी ८ एप्रिल २०१६ चा गुढीपाडवा आठवावा. बायकांनी चौथऱ्यावर जायचे नाही ही शेकडो वर्षांची म्हणून सांगितलेली रीत त्या दिवशी संपली. तेल आजही वाहिले जाते, शनिअमावास्येला आजही पाय ठेवायला जागा नसते.

बायकांवरून मी माझ्या रागाच्या खऱ्या कारणाशी येतो. हा उसाचा पट्टा आहे. इथल्या मांडवात मागे बसलेल्या बाईने सकाळपासून खुरपणी केलेली असते, वाकून कांदा लावलेला असतो, कितीएक हंगाम कोयता घेऊन उसाच्या फडात काढलेले असतात. पन्नाशीतच तिच्या गुडघ्यांतून आवाज येतात. ती पाय लांब करते तेव्हा समोरून कुणीतरी डोळे वटारतो. ती खुर्ची मागत नाही. पुढच्या दिवसापासून येणे बंद करते. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण खांदेमळणी करतो, वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतो. सुजलेल्या खांद्यावर पुन्हा जू ठेवणाऱ्याला गाव नावे ठेवतो. या बाईच्या गुडघ्यांना मात्र आपण आणखी तप करायला सांगतो. तिचे तप शेतात झालेले आहे. मांडवात तिला विसावा देणे हे आपले काम आहे.

सुखाने बसले की झोप लागते, हा शेवटचा आक्षेप. झोप लागते ती रेलून, पाठीची कमान करून बसले की, किंवा रात्रीची झोप अपुरी असली की. सुखाची बैठक म्हणजे आरामखुर्ची असे मी कुठेही म्हटलेले नाही. तिची घडण तंतोतंत असते. घरातली घोंगडी घ्या, तिची घट्ट घडी करा आणि तिच्या पुढच्या कडेवर बसा, मधोमध नाही. घडीची उंची वाढवत जा, दोन्ही गुडघे खुब्यांच्या खाली येईपर्यंत. एखादा गुडघा अधांतरी राहिला तर त्याच्याखाली बस्कर सरकवा. असे झाले की कटी आपोआप किंचित पुढे येते, कण्याचा बाक परत येतो आणि पाठ ताठ ठेवायला जोर लागत नाही. छाती सैनिकासारखी फुगवायची नाही. हनुवटी थोडी आत, हात मांडीवर असे टेकलेले की खांद्यांना त्यांचा भार जाणवू नये. पायावर पाय चढवण्याची गरज नाही. दोन्ही पावले एकापुढे एक जमिनीवर ठेवली तरी बैठक पक्की होते, आणि ती नस मोकळी राहते.

खुर्ची घ्यायची तर कडक बैठकीची, खोल गादीची नको. पावले पूर्ण टेकली पाहिजेत. ठेंगण्या माणसाने पायाखाली वीट किंवा पाट घ्यावा. पाठ शक्यतो खुर्चीला न टेकता सरळ. टेकणे भागच असेल तर कमरेच्या पोकळीत गुंडाळलेला टॉवेल. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी उठून सावकाश चालावे. ब्रह्मदेशातल्या महासी सयादॉंच्या परंपरेत बसणे आणि चालणे आळीपाळीने चालते आणि चालण्यालाही ध्यानच मानतात.

दुखण्यात फरक ओळखायला शिकले पाहिजे. मांडीच्या स्नायूंतला ताण, उठल्यावर दोन-चार मिनिटांत जाणाऱ्या मुंग्या, हे सवयीने कमी होते आणि थोडे सोसायला हरकत नाही. गुडघ्याच्या आतली टोचणारी कळ, उठल्यानंतरही रेंगाळणारी बधिरता, पाऊल उचलताना जाणवणारा अशक्तपणा, यांतले काहीही झाले तर पाय तत्क्षणी बदलायचा, कुणाची परवानगी न घेता. सत्य धारण करणाऱ्या ऋतंभरा प्रज्ञेची वाट पाहत एक पाय गमावावा असे पतंजलींनीही सांगितलेले नाही.

सप्ताहाच्या आणि ध्यानवर्गांच्या आयोजकांकडे माझे मागणे आहे. पुढच्या पत्रिकेत कीर्तनकारांच्या नावांखाली एक ओळ छापा, की बसण्यासाठी खुर्च्या आणि घोंगड्यांची सोय आहे. त्या खुर्च्या मांडवाच्या टोकाला, भांड्यांच्या आणि चपलांच्या शेजारी लावू नका. पहिल्या दोन-तीन रांगांच्या बाजूने लावा, जिथून बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. ध्यान सुरू होण्याआधी माईकवरून सांगा की ज्याला पाय बदलायचा असेल त्याने खुशाल बदलावा. आणि मध्येच कुणी बदललाच, तर व्यासपीठावरून त्याच्याकडे पाहू नका.